विज्ञानाच्या खिडकीतून : अंदाजाने मीठ



शुवैखच्या कर्करोग केंद्रात कुणाचे ना कुणाचे माणूस तपासणीला जात असते, आणि मग मंडळाच्या बैठकीत एखादे कात्रण हळूच आमच्या हाती येते : ‘नव्या औषधाने कर्करोगाच्या पेशी नष्ट!’ पाठोपाठ प्रश्न, “हे इथे कधी मिळेल हो?” उत्तर देताना आमची जीभ अडखळते.

कारण त्या पेशी बहुधा माणसातल्या नसतात. आप्पेपात्रासारखी प्लास्टिकची थाळी असते, ९६ किंवा ३८४ खळग्यांची. खळग्यांत पेशी वाढवायच्या, वर निरनिराळी रसायने घालायची आणि काय मरते ते पाहायचे. ही औषधांची पहिली चाळणी.

२०१२ साली दोन मोठ्या गटांनी शेकडो पेशीवाणांवर अशा चाचण्या करून आकडे सर्वांसाठी खुले केले. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये तिसऱ्यांनीच दोहोंतली समान १५ औषधे आणि ४७१ पेशीवाण ताडून पाहिले. जनुकांची मोजमापे छान जुळली, औषधाचा परिणाम मात्र जुळेना! २०१५ मध्ये मूळ गटांनी ‘बऱ्यापैकी जुळतात’ असे उत्तरही दिले. आकडे कपाटात बंद असते, तर हे भांडण तरी कसे झाले असते?

पुढे अमेरिकेतल्या पाच केंद्रांनी मुद्दाम एकच पेशी, तीच औषधे आणि तीच कृती घेतली. त्यांचा अहवाल २०१९ मध्ये आला. सुरुवातीला औषधाच्या ताकदीत २०० पटींपर्यंत फरक पडत होता. एक कारण अगदी साधे : कुणी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या, तर कुणी पेशींतल्या ऊर्जाद्रव्यावरून संख्येचा अंदाज बांधला. काही औषधांना हा अंदाज चालतो, काहींना नाही. आईच्या पत्रातले ‘मीठ अंदाजाने’ इथल्या पिठाला लागू पडत नाही, तसेच. शिवाय थाळीच्या कडेचे खळगे लवकर सुकतात, हे कृतीत लिहिलेले नसले तर दुसऱ्याला कळणार कसे?

आम्हाला सर्वांत झोंबली ती ‘केबी’ पेशींची गोष्ट. १९५० च्या दशकात त्या तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून प्रयोगशाळांत आल्या. पुढे त्या ‘हेला’, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी निघाल्या. तरीही जुन्या नावाने त्या वापरल्या जात राहिल्या. तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग घरोघर पाहिलेल्या आपल्या मुलखाने यावर गप्प का बसावे? डीएनएचा ठसा घेऊन पेशींची ओळख पटवता येते. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभर पेशी पुरवते. तिथून किंवा आणखी कुठून आणल्या, ठसा कधी घेतला, खळग्यात किती घातल्या, किती तास ठेवल्या, कशाने मोजल्या, हे सारे आकड्यांसोबत लिहिणे एवढीच मागणी आहे. फसलेले खळगेसुद्धा!

तेव्हा पुढचे कात्रण आणाल, तर आम्ही आधी विचारू : पेशी कुठल्या, दुसऱ्या कुणी करून पाहिले का, आकडे कुठे ठेवलेत? रागावू नका. कात्रणावरची तारीख मात्र कापू नका, गेल्या वेळचे नऊ वर्षांपूर्वीचे निघाले.