टोमॅटो सोडा, चिवळ लावा

वैशाख सरत आला की आपल्या वस्तीतल्या ओट्यांवर आणि पत्र्यांवर एकच चित्र दिसते. तेलाच्या डब्यात काडी झालेला टोमॅटो, पिवळी पडलेली मेथी, टोकाशी करपलेला कढीपत्ता. फेब्रुवारीत हौसेने लावलेले मेमध्ये जळते आणि घरातल्या बाईच्या तोंडी एकच वाक्य येते, "माझ्या हाताला यश नाही." आम्हाला हे वाक्य मान्य नाही. दोष हाताचा नाही. जे पीक मे महिन्यात येतच नाही ते आपण लावतो, आणि जे येते त्याला गवत म्हणून उपटून टाकतो.

टोमॅटोचे उदाहरण घ्या. दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रही गरम राहिली की त्याच्या फुलातले पराग निकामी होतात आणि फूल गळून पडते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा सहसा चाळिशीच्या खाली येत नाही, मग फळ धरणार कुठून? झाड हिरवे दिसते म्हणून आपण त्याला पाणी घालत राहतो आणि हंडाभर पाणी वाया जाते. कोथिंबिरीचेही तेच. उष्ण मातीत धणे नीट उगवत नाहीत, उगवलेच तर चार पाने येऊन लगेच फुलावर जातात. पालक आणि मेथी या थंडीच्या भाज्या आहेत, त्यांना दिवाळीनंतर लावावे.

उन्हाळ्यात येणाऱ्या भाज्या वेगळ्या. तांदळजा, माठ, अंबाडी, घोळ आणि आमच्या विदर्भाची चिवळ. तांदळजाचे बी बारीक असते. मूठभर कोरड्या मातीत मिसळून ते वरवर भुरभुरावे, खोल पुरू नये. तीन-चार आठवड्यांत कापणीला येतो. मुळासकट उपटला नाही तर पुन्हा फुटतो. चिवळ तर बी विकत न आणताही येते. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या मुळाकडच्या काड्या ओल्या मातीत खोचल्या तरी त्या धरतात. मुगाची डाळ घालून किंवा पीठ पेरून केलेली चिवळीची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची चव सांगायला नको.

पण आता शहरात वाढलेल्या आपल्याच पोरांना ही भाजी ताटात नको असते. "ही तर रानातली, गरिबांची" असे ती म्हणतात. ही लाज त्यांना कोणी शिकवली याचा विचार व्हावा. आपल्या आज्या-पणज्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या आणि बांधावरची चिवळ, घोळ, तरोटा खुडून त्यांनी लेकरे वाढवली. ज्यांच्या मालकीची जमीन नव्हती त्यांचे हे ज्ञान आहे. ते आता मोठ्या शहरांत आकर्षक पाकिटात घालून महाग विकले जाते, आणि आपण मात्र ते सोडून कोबीच्या मागे लागलो आहोत.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. पाण्याचा प्रश्न आपल्याला महाडपासून ठाऊक आहे. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या सरकारी निकषांत भुयारी गटार असलेल्या शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरले जाते. सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्याला धरले जाते ४० लिटर. पाच माणसांच्या घराला एकीकडे ६७५ लिटर आणि दुसरीकडे २००. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही, तो जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तरीही आज कित्येक वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो आणि टँकरमागे धावावे लागते. अशा वस्तीत कोणी बियांची पाकिटे वाटून, फोटो काढून "परसबाग करा, कुपोषण हटवा" असे सांगून जात असेल तर त्याला आधी विचारावे, की बाबा, पाणी कुठून घालू?

म्हणून आमचे पहिले मत असे, की मे महिन्यात झाडांसाठी पिण्याचे पाणी वापरू नये आणि झाडांसाठी एकही जादा हंडा कोणी वाहू नये. हंडा वाहणारी बहुतेक घरांत आई नाहीतर थोरली मुलगी असते. तिचा अभ्यास किंवा तिची कंबर मोडून उगवलेली भाजी आरोग्याची कशी म्हणायची? डब्यांना पाणी घालायचे काम घरातल्या पुरुषाने आणि मुलाने करावे, म्हणजे डबे किती ठेवायचे याचा हिशेबही आपोआप बरोबर बसेल.

आणि हिशेब बसतो. पंधरा किलोच्या तेलाच्या एका डब्याला उन्हाळ्यात रोज साधारण लिटर-दीड लिटर पाणी लागते. चार डब्यांना पाच-सहा लिटर. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी पाच जणांच्या घरात तेवढे सहज निघते. ते मोरीत न ओतता एका बादलीत जमवावे आणि त्याच दिवशी संपवावे, नाहीतर आंबून वास मारते. साबण-पावडरचे पाणी पालेभाजीला घालू नये, त्यातल्या सोड्याने आणि क्षारांनी माती घट्ट होते. नाल्याचे किंवा गटाराचे पाणी तर कोणत्याही परिस्थितीत नको. त्यातून टायफॉईड, कावीळ आणि जंत सरळ ताटात येतात. रुळांच्या कडेला गटारपाण्यावर पोसलेल्या पालकाला आपण नावे ठेवतो. तोच प्रकार घरी करू नये.

पाणी वाचवायच्या दोन-तीन युक्त्या फुकट आहेत. कुंभाराकडून आणलेले लहान बोळके, रंग न दिलेले, डब्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. पाणी मातीतून आपोआप झिरपत राहते आणि मुळे त्याच्याभोवती गोळा होतात. झाकण विसरू नये, ते का हे पुढे येईलच. रसवंतीवर उसाची चिपाडे ढिगाने पडलेली असतात. ती आणून एकदा धुवावी, कडक उन्हात वाळवावी आणि तुकडे करून मातीवर चार बोटे जाड पसरावी. न धुता घातली तर मुंग्यांची जत्रा भरते. पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि आतली मुळे शिजतात, म्हणून त्याला गोणपाट गुंडाळावे आणि डबा विटेवर ठेवावा. दुपारच्या उन्हाला जुन्या सुती लुगड्याचा आडोसा पुरतो. रंगाचे, कीटकनाशकाचे किंवा बॅटरीचे डबे मात्र भंगारवाल्याने फुकट दिले तरी घेऊ नयेत. त्यांतले शिसे आणि विष कितीही घासले तरी पूर्ण जाईल याचा भरवसा नाही.

आता डासांचे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरमीत आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालची बशी, उघडे बोळके, पाण्याचा ड्रम आणि कूलर या त्याच्या आवडत्या जागा आहेत. ड्रम भरून ठेवल्यामुळे वस्तीत डेंग्यू होतो असे आरोग्य खात्याचे लोक आपल्याला ऐकवतात. पाणी साठवतो कोण? ज्याला ते रोज मिळत नाही तोच. हे त्यांना सांगितलेच पाहिजे. पण सांगून डास थांबत नाही, म्हणून ड्रमला कापड बांधावे आणि आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून आतून घासावी. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात. जूनमध्ये कूलर काढताना टाकी घासून, कोरडी करून ठेवावी. मागच्या बाजूला तसाच टाकलेला कूलर पहिल्या पावसात भरतो.

या भाज्यांचा रक्ताशी संबंध आहे, त्यामुळे तेही स्पष्ट बोलले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले, लहान मुलांमध्ये ६७ टक्के. तांदळजा, माठ, शेवग्याचा पाला यांत लोह आहे, पण पालेभाजीतले लोह अंगी सहज लागत नाही. सोबत आंबट हवे. मे महिन्यात लिंबू परवडत नसेल तर कैरी आहे. जेवणावर लगेच चहा घेतला तर मिळालेले लोहही वाया जाते, मध्ये तासभर जाऊ द्यावा. आणि शेवग्याचा पाला खातो म्हणून आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करणे हा शुद्ध वेडेपणा आहे. भाजी ही गोळीची जागा घेत नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ, चिवळ, पालक बेताने खावे.

मात्र विदर्भातल्या आपल्या घरांसाठी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ती म्हणजे सिकलसेल. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल अभियानाचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो योग्यच आहे. पण विदर्भातल्या बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, हे डॉक्टरांना कितीतरी वर्षांपासून ठाऊक आहे. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. त्याच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यातले लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त चढवले असेल तर ते आणखी साठते. त्याला फॉलिक अ‍ॅसिड लागते. अशा मुलाला उन्हात पत्र्यावर डबे हलवायला किंवा टँकरवर पाणी भरायला कधीही पाठवू नये. अंगातले पाणी कमी झाले की वेदनेचा झटका येतो, आणि मे महिना त्यासाठी सर्वांत वाईट. त्याच्या वाट्याचे पिण्याचे पाणी घरात सर्वांत आधी बाजूला काढावे. फक्त वाहक असलेल्यांना सहसा त्रास नसतो, पण आपण वाहक आहोत हे माहीत असावे लागते. सध्या लग्नसराई चालू आहे. आपण पत्रिका पाहत नाही हे उत्तमच. सोयरीक जुळवताना दोघांच्या रक्ताचा कागद मात्र जरूर पाहावा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण जन्मण्याची शक्यता चारांत एक असते.

किडीबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात भेंडीच्या आणि जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस दिसतो तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसावा, फार झाला तर फांदी कापून टाकावी. पानामागे बारीक जाळे आणि वर पिवळे ठिपके म्हणजे लाल कोळी, त्यावर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार शिडकावा करावा. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी हलवून संध्याकाळी फवारले तरी पुरते. गावाकडून कोणी कपाशीचे उरलेले औषध बाटलीत आणून दिले तर ते घरात ठेवूही नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यांच्या घरांत अजून ती जखम ओली आहे. चार डब्यांच्या भाजीसाठी ते विष दारात कशाला?

ज्यांचे डबे आत्ताच रिकामे पडले आहेत त्यांनी ती माती ताडपत्रीवर पातळ पसरून आठवडाभर उन्हात तापवावी. अळ्या आणि किडीची अंडी मरतात. मृग लागायच्या आत त्यात वाळका पाला आणि कुजलेले खत मिसळून डबे भरून ठेवावेत. भाजीची देठे-साले कुजवायची असतील तर झाकणाच्या डब्यात, शिजलेले अन्न न घालता, नाहीतर घुशी येतात. पहिला चांगला पाऊस झाला की भेंडी, दोडका, कारले लावावे. दोडक्याचा वेल दोरीने पत्र्यावर चढवला तर पावसाळा संपल्यावर येणाऱ्या उकाड्यात खालची खोली थोडी गार राहते. आणि तांदळजाचे एक झाड न कापता बियांवर येऊ द्यावे. वाळलेला तुरा कागदावर झटकला की शेजारच्या चार घरांना पुरेल एवढे बी निघते.