परदेशी निघालेल्या परिचारिकेची शिदोरी

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींना हल्ली एक प्रश्न हमखास पडतो : परदेशात जायचे तर काय करावे लागेल? प्रश्न विचारणाऱ्यांत खामगाव-मलकापूरच्या शहरी मुली असतात, तशा संग्रामपूर, लोणारकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या लेकीही असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्यात दहा हजार जणांना पाठवण्याची भाषा होती आणि परिचारिकांचा उल्लेख ठळक होता. तेव्हापासून या प्रश्नाला धार आली आहे.

या मुलींनी जाऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कंत्राटी नेमणूक, तुटपुंजे मानधन, एका सिस्टरच्या गळ्यात दोन वॉर्ड ही इथली स्थिती असताना देशसेवेचे धडे त्यांना कोणत्या तोंडाने द्यायचे? पण त्या जातात तेव्हा चर्चा व्हिसा आणि पगाराभोवतीच फिरते. तिथे गेल्यावर हातून रुग्णाला इजा होऊ नये आणि स्वतःचेही नुकसान होऊ नये यासाठी काय शिकून जावे, याबद्दल फार कमी बोलले जाते.

इन्शुलिनचे उदाहरण घ्या. आपल्या सरकारी दवाखान्यात इन्शुलिनची कुपी बहुधा ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. परदेशात बहुतेक ठिकाणी १०० युनिटचे इन्शुलिन असते आणि त्याची सिरिंज वेगळी, सहसा नारिंगी टोपणाची. १०० च्या कुपीतले औषध ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर झपाट्याने उतरते, रुग्ण बेशुद्ध पडतो. इथे हात न चुकता काम करतो, कारण त्याला सवय असते. तिथे तीच सवय घात करू शकते.

मोजमापांचेही तसेच. आपण रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये वाचतो. ब्रिटनमध्ये ती मिलिमोलमध्ये लिहितात. तिथला १० चा आकडा म्हणजे आपली १८०, आणि तिथला ३ म्हणजे आपली ५४, म्हणजे तातडीने साखर देण्याची वेळ. आपले ११ हिमोग्लोबिन तिथे ११० म्हणून छापून येते. अमेरिकेत पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन, अॅड्रेनॅलिनला एपिनेफ्रिन आणि साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल म्हणतात. तारीख लिहिताना तिथे महिना आधी येतो. यातले काहीच अवघड नाही. पण रात्रपाळीत, तिसऱ्या आठवड्यात, अनोळखी उच्चारांच्या गलक्यात हे आठवायला हवे, हे अवघड आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका परिचारिकेने शामक औषधाऐवजी स्नायू निकामी करणारे औषध दिले आणि रुग्ण दगावला. औषधांच्या संगणकीय कपाटात नावाची पहिली दोन अक्षरे टाकल्यावर जे नाव समोर आले ते तिने घेतले होते. २०२२ मध्ये न्यायालयाने तिला दोषी ठरवले. ती तिथलीच होती, भाषा तिची, रुग्णालय ओळखीचे. तरीही हे घडले. त्याच २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची जगभर मोहीम सुरू केली, ती उगाच नव्हे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच मुद्दे शाळेत सगळेच पाठ करतात. इन्शुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांसारख्या औषधांपूर्वी मात्र दुसऱ्या सहकाऱ्याकडून कुपी आणि सिरिंज दोन्ही तपासून घ्यायचीच, ही सवय अंगी मुरवावी लागते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आपल्याकडे डॉक्टरांच्या आदेशाबद्दल शंका आली तरी सिस्टर गप्प राहते किंवा हळूच कुजबुजते. ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेत तिने शंका विचारावी हीच अपेक्षा असते आणि ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून दिले’ हा बचाव चालत नाही. फोनवर रुग्णाची माहिती देताना आता काय चालू आहे, पूर्वी काय झाले, मला काय आढळले आणि तुम्ही काय करावे असे मला वाटते, या क्रमाने चार वाक्ये बोलता आली पाहिजेत. तोंडी आदेश मिळाला तर तो परत म्हणून दाखवायचा. जर्मनीसाठी बी-२ पातळीची भाषा लागते ती यासाठी. केवळ परीक्षा पास होण्यापुरती जर्मन शिकलेली मुलगी रात्री दोन वाजता घाबरलेल्या म्हाताऱ्याचे अर्धवट वाक्य समजू शकणार नाही.

कामाची वाटणीही बदलते. आपल्याकडे अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे हे नातेवाईकच करतात. जर्मनीत ते परिचारिकेचेच काम आहे आणि ते कमी प्रतीचे मानले जात नाही. अनेक भारतीय मुलींना तिथे गेल्यावर याचा धक्का बसतो. वजनदार रुग्ण हाताने उचलून पाठ मोडून घेण्याऐवजी उचलण्याचे यंत्र वापरायला आधी शिकून घ्यावे. उलट, इथे सर्रास करतो ती काही कामे, अगदी सलाईनची सुई लावणेसुद्धा, तिथे स्थानिक प्रशिक्षण होईपर्यंत करता येत नाहीत. ‘मला येते’ म्हणून परवानगीपलीकडे हात घातला तर नोंदणी धोक्यात येते.

स्वतःच्या शरीराची काळजीही निघण्याआधी घ्यावी. कावीळ ‘ब’ च्या लसीचे तीन डोस पूर्ण करा आणि नंतर प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. रुग्णाला वापरलेली सुई टोचली तर लपवू नका. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या काही तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. जुन्या क्षयाचा डाग एक्स-रेवर असेल तर आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणीत अडचण येते, म्हणून एजंटला पैसे देण्याआधी छातीचा एक्स-रे पाहून घ्यावा.

आणि एजंटबद्दल. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला घेता येणारे सेवाशुल्क कायद्याने ३० हजार रुपये अधिक कर, एवढेच आहे. २०१५ मध्ये केरळात उघडकीस आलेल्या प्रकरणात कुवेतला जाणाऱ्या परिचारिकांकडून १९,५०० रुपयांऐवजी प्रत्येकी साडेएकोणीस लाख उकळल्याचा आरोप होता. त्याच वर्षी केंद्राने आखातासह १८ देशांतील परिचारिका भरती ई-मायग्रेट व्यवस्थेतून आणि ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच करण्याचे बंधन घातले. वावर गहाण ठेवून गेलेली मुलगी बारा-बारा तासांच्या सलग पाळ्या नाकारू शकत नाही आणि थकलेला हात चुकतो. म्हणून कर्जाचा प्रश्न हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. एजंटची नोंदणी ई-मायग्रेटवर तपासा, करार तुम्हाला समजणाऱ्या भाषेत वाचा, आणि भेटीच्या व्हिसावर नोकरीला कधीही जाऊ नका.

आता शासनाकडे वळू. केरळने नोर्का रूट्स आणि ओडेपेक या सरकारी संस्थांमार्फत हे काम वर्षानुवर्षे चालवले आहे. बुलढाण्याच्या मुलीला असाच भरवशाचा सल्ला जिल्ह्याच्या ठिकाणी मिळायला हवा, पुण्या-मुंबईच्या खेट्या न घालता. परिचर्या प्रशिक्षण केंद्रांत शेवटच्या वर्षी औषध-सुरक्षा, मोजमापांतले फरक आणि रुग्णमाहिती देण्याचा सराव घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आचारसंहितेत श्रीमंत देशांच्या जबाबदाऱ्या सांगितल्या आहेत, तशी आपलीही एक जबाबदारी आहे : रिक्त पदे भरणे आणि राहणाऱ्यांना राहावेसे वाटेल असे वेतन देणे.

यातली बहुतेक शिदोरी परदेशासाठीच लागते असेही नाही. दोघींनी तपासलेले इन्शुलिन, लिहून दिलेला हँडओव्हर, न घाबरता विचारलेली शंका यांची गरज खामगावच्या वॉर्डातल्या शेतमजूर बाईलाही तितकीच आहे. हे सुरू करायला कोणत्या देशाशी करार लागत नाही. उद्याच्या सकाळच्या पाळीपासून ते करता येईल, आणि अधिसेविका व डॉक्टर या दोघांनीही त्याला पाठबळ दिले पाहिजे.