तक्रार मराठीतच लिहा, पण मुदतीत लिहा



मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर हुज्जत घालणारा एक तरी माणूस तुम्ही दर खेपेला पाहिला असेल. मागच्या वेळी मत दिले होते, शेजाऱ्याचे नाव यादीत आहे, मग माझेच कसे गेले, असा त्याचा सवाल असतो. केंद्राध्यक्ष हात वर करतो. त्याचेही काही चुकत नाही. त्याच्यापुढे छापील यादी असते आणि तीत नवे नाव घालण्याचा अधिकार त्याला नसतो. मग हा गृहस्थ दुपारभर झाडाखाली बसून सरकारला, आयोगाला आणि सगळ्या पक्षांना शिव्या घालतो व संध्याकाळी घरी जातो. त्याची तक्रार कुठल्याही वहीत नोंदलेली नसते.

आपल्या कुळांना हे नव्याने सांगायला नको. एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचे नाव लागले त्याचा दावा उभा राहिला. ‘भाटकाराने तोंडी सांगितले होते’ एवढ्याच आधारावर जो बसला, त्याला मामलेदाराच्या कचेरीत खेटे घालता घालता म्हातारपण आले. मतदार यादी म्हणजे मताचा एक-चौदाच. त्यावर नाव आहे की नाही हे पेरणीच्या आधी पाहायचे असते, कापणीच्या दिवशी नव्हे.

आज मला तुमच्याशी सौंसरविषयी बोलायचे आहे. सौंसर कुठे, असे तुम्ही विचाराल. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले, सावनेर मागे टाकले की मध्य प्रदेशाची हद्द लागते आणि पुढे सौंसर येते. पाटी हिंदीत, पण बाजारात कान दिला तर बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. संत्र्याच्या बागा, कापूस, पोळ्याचा सण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार होते आणि माणसे खरोखरच रक्तबंबाळ होतात. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. वाटणी बरोबर झाली की चूक, याविषयी या पानाचे मत तुम्हाला ठाऊक आहे. आजचा विषय तो नाही. विषय हा की तिथल्या मराठी शेतकऱ्याला भोपाळ आणि दिल्लीकडे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर त्याने काय करावे. कारण तेच तुम्हालाही करायचे आहे.

गेल्या काळात गोवा आणि मध्य प्रदेश यांचे नशीब एकाच दोरीत ओवले गेले. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी निवडणूक आयोगाने १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी जाहीर केली. त्यात हे दोन्ही मुलूख होते. ४ नोव्हेंबरपासून घरोघरी अर्ज वाटणे सुरू झाले. गोव्याची कच्ची यादी १६ डिसेंबरला आली, तीत सुमारे १ लाख नावे नव्हती. मध्य प्रदेशाची २३ डिसेंबरला आली, तीत सुमारे ४२ लाख ७४ हजार नावे नव्हती. मेलेले, स्थलांतरित, दोन ठिकाणी नोंदलेले आणि घरी न सापडलेले, अशी कारणे देण्यात आली.

मेलेल्यांची नावे गेली तर कोणी रडणार नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणे हा तर कायद्याचा भंगच आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सौंसरकडची पुष्कळ माणसे कामाला नागपूरला जातात. इकडेही नाव, तिकडेही नाव, असे कोणी ठेवले असेल तर त्याची बाजू मी घेणार नाही. प्रश्न आहे तो ‘घरी न सापडलेल्यां’चा. नोव्हेंबर म्हणजे तिकडे कापूस वेचणीचे आणि आंबिया बहाराची संत्री उतरवण्याचे दिवस. नवरा-बायको पहाटे शेतात, दाराला कुलूप. अधिकाऱ्याने तीनदा फेरी मारावी असा नियम होता. पण तिन्ही वेळा तो दुपारी आला तर काय सापडणार? आपल्याकडे तेच दिवस मासेमारीच्या भरातले. ट्रॉलरवर गेलेला माणूस बीएलओच्या हाकेला ओ कुठून देणार?

आणि हे फक्त गरिबाच्याच वाट्याला येते असेही नाही. १९७१ च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी आणि माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश गोव्यात राहतात. जानेवारी २०२६ मध्ये त्यांनाही ओळख पटवायला हजर राहा अशी नोटीस आली. त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवले, देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. तुमच्या-माझ्या नोटिशीची बातमी होणार नाही. आपल्याला कागदच करावा लागेल.

आता भाषेचे पाहू. सौंसरचा शेतकरी हिंदीला बिचकत नाही. व्यवहार तिच्यातच चालतो. पण कचेरीची हिंदी ही बाजारची हिंदी नव्हे. यादी लागली की फलकावर लिहिलेले असते ‘दावा-आपत्ति’. मराठी माणसाला आपत्ती म्हणजे गारपीट, पूर, टोळधाड! ज्याला आपण हरकत म्हणतो, तिला हिंदीत आपत्ति म्हणतात. ‘हे नुकसानभरपाईचे असेल, आपल्याकडे यंदा गारा पडल्या नाहीत’ असे म्हणून एखादी म्हातारी त्या फलकापुढून निघून गेली तर तिला हसू नका. दुसरी अडचण ळ ची. हिंदीच्या वर्णमालेत ळ चा वापर नाही. काळे लिहिला जातो काले, ढोबळे होतो ढोबले. बापाचे नाव जुन्या यादीत एका तऱ्हेने आणि मुलाचे आधारकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लागले की जुळणी करणारा कारकून किंवा यंत्र दोघांना परके ठरवू शकते. आपल्या आडनावांची रोमन लिपीत काय दशा होते हे तुम्हाला सांगायला नको. एकाच घरातल्या तीन भावांची आडनावे तीन स्पेलिंगांनी लागलेली मी पाहिली आहेत. असे झाले असेल तर दुरुस्तीसाठी नमुना ८ भरायचा. नवे नाव घालायला नमुना ६. दुसऱ्याच्या नावावर हरकत घ्यायची किंवा नाव वगळायला सांगायचे तर नमुना ७.

पण नमुन्यात मावत नाही अशीही तक्रार असते. बीएलओ आलाच नाही, नोटीस पोचली नाही, सुनावणी वीस मैलांवर ठेवली, केंद्र नदीपलीकडे नेले. ती साध्या कागदावर लिहायची. कोणत्या भाषेत? इथे मला तुमचे खास लक्ष हवे आहे. भारताच्या राज्यघटनेचे ३५० वे कलम असे आहे की कोणाही माणसाला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे अथवा प्राधिकाऱ्याकडे निवेदन देता येते, आणि ते संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठी ही घटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा. तेव्हा सौंसरच्या शेतकऱ्याने निवडणूक आयोगाला मराठीत अर्ज लिहिला तर ‘हिंदीत लिहून आणा’ असे म्हणून तो परत करण्याचा कोणाला हक्क नाही. उत्तर मराठीतच येईल असे मात्र हे कलम म्हणत नाही. ते हिंदीत येईल हे धरून चालावे. गोव्यात तर १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीच्या सरकारी वापराला वाट ठेवली आहे. मोडक्या इंग्रजीत अर्धे गाऱ्हाणे लिहिण्यापेक्षा मराठीत पुरते लिहा. मला तर वाटते, आपली निम्मी गाऱ्हाणी इंग्रजी लिहिणारा मिळाला नाही म्हणूनच मनात मेली.

लिहिताना शिव्या नकोत, भाषण नको. नाव, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, मतदारसंघ, यादीचा भाग क्रमांक, काय घडले, कोणत्या तारखेला, आणि काय करून हवे. शेवटची ओळ लोक विसरतात. ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढेच लिहून सोडले तर वाचणाऱ्याने करायचे काय? दोन प्रती काढा, दुसरीवर तारखेची पोच घ्या. कारकून पोच द्यायला टाळाटाळ करू लागला तर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी पोस्टात जा. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले (काही विलीनीकरणे होतात म्हणायची!), तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती डब्यात जपून ठेवा.

पहिला कागद मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे. त्याचा निर्णय विरुद्ध गेला तर पंधरा दिवसांच्या आत जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अपील, तिथेही हरलात तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. सौंसरवाल्याला तो भोपाळात, आपल्याला पणजीत. हे दिवस मोजून असतात. एकविसाव्या दिवशी आणलेले खरे गाऱ्हाणेही उशिराचेच ठरते. फेरतपासणीत नाव गेले म्हणून सगळे संपले असे मात्र समजू नका. नाव घालण्याचा अर्ज एरवीही करता येतो. निवडणूक लागली की उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवशी दार बंद होते. १९५० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते, पण फोनला पोच नसते हे लक्षात ठेवा.

प्रचारात दारू-पैसा वाटताना दिसला तर त्याची वाट वेगळी. त्यासाठी सी-व्हिजिल नावाची सोय २०१८ पासून आहे आणि त्या वर्षीच्या मध्य प्रदेशाच्या निवडणुकीत ती वापरली गेली. मोबाईलवर जागेवरूनच फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचे चित्रण पाठवायचे, भरारी पथकाने येऊन शंभर मिनिटांत निकाल लावायचा, अशी योजना. घरी जाऊन, विचार करून, चौघांना दाखवून पाठवू म्हणाल तर ती घेत नाही.

मतदानाच्या दिवशी तुमच्या आधीच तुमच्या नावावर कोणी मत देऊन गेला असेल तर गप्प परत येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. ते मत पाकिटात बंद राहते, एरवी मोजले जात नाही, हे खरे. मग कशाला द्यायचे? २००८ साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि अशा पाकिटबंद मतांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यांनी मागून घेतली त्यांचीच मते तिथे वादात होती. शिव्या देऊन घरी गेलेल्यांची नव्हती. तोतया मतदार दिसला तर पोलिंग एजंटला दोन रुपये भरून हरकत घेता येते. होय, दोनच रुपये. हरकत पोकळ नसेल तर तेही परत मिळतात. पण त्यासाठी एजंट जागा हवा, आणि गावातली माणसे ओळखणारा हवा.

यावर एक जुनी, आपल्याला बोचणारी गोष्ट. १६ जानेवारी १९६७ चा कौल तुमच्या वाडवडिलांनी दिला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते, विरुद्ध १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. त्या कौलाआधी विरोधकांनी दिल्लीकडे तक्रार लावून धरली होती की भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार खुर्चीवर असताना मतदान निष्पक्ष होणार नाही. ती मानली गेली. ३ डिसेंबर १९६६ रोजी सरकारने राजीनामा दिला आणि मतदान राष्ट्रपती राजवटीत झाले. गोव्याबाहेरच्या गोवेकरांना मत मिळावे ही मागणीही झाली होती, ती मात्र मान्य झाली नाही. दोन मागण्यांपैकी एक गेली, एक पदरात पडली. आमच्या बाजूच्या पुष्कळांनी तक्रारी केल्या त्या निकालानंतर, चहाच्या दुकानात. विरोधकांकडून शिकायला मला लाज वाटत नाही.

एक घोटाळा मात्र सौंसरपासून पेडण्यापर्यंत सगळीकडे होतो. पंचायतीची निवडणूक दिल्लीचा आयोग घेत नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा पंचायत यांसाठी प्रत्येक राज्याचा वेगळा राज्य निवडणूक आयोग असतो. विधानसभा आणि लोकसभेचा अर्ज त्याच्याकडे टाकला किंवा सरपंचाच्या निवडणुकीचे गाऱ्हाणे दिल्लीला धाडले, तर कागद फिरत राहतो आणि मुदत निघून जाते. आणि निकाल लागल्यावर निवडणुकीलाच आव्हान द्यायचे असेल तर अर्ज नव्हे, याचिका लागते: विधानसभा-लोकसभेसाठी ती ४५ दिवसांत उच्च न्यायालयात. सौंसरकरांना त्यासाठी जबलपूर गाठावे लागते. नागपूरचे खंडपीठ त्यांच्या उशाशी आहे, पण ते दुसऱ्या राज्याचे.

या आठवड्यात जाळे वाळत घातल्यावर किंवा पाणी लावून झाल्यावर घरातल्या सगळ्यांची नावे यादीत पाहून घ्या. म्हाताऱ्यांची आधी, आणि लग्न होऊन आलेल्या सुनांची.