सजवलेला ईमेल कुणासाठी?

उर्दू शाळांमधून येणारे ईमेल एकदा नीट पाहा. वर बोधचिन्ह, भोवती हिरवी वेलबुट्टी आणि मधोमध नस्तालीकमधला मजकूर. तोही अक्षरांत नाही, चित्रात! इनपेजमध्ये जुळवायचं, चित्र करायचं आणि चिकटवून द्यायचं. साध्या मजकुरात पाठवा म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "सर, नस्तालीक नसेल तर ती उर्दू कसली?"

हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही.

लाहोरच्या 'जंग'ने १९८१ मध्ये नूरी नस्तालीक वापरून संगणकावर जुळणी सुरू केली. तोवर उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत. पुढे इनपेज आलं, पण त्याची फाइल दुसऱ्याकडे उघडेना. तेव्हा चित्र पाठवणं ही मजबुरी होती. आज ती आपण परंपरा म्हणून मिरवतो आहोत. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत अरबी आणि देवनागरी दोन्ही लिपी होत्या. युनिकोडमध्ये पाठवलेलं 'काफ' काफच राहतं. ते नस्ख दिसावं की नस्तालीक, हे वाचणाऱ्याच्या फोनमधला फॉन्ट ठरवतो. म्हणजे साधा मजकूर नस्तालीकचा शत्रू नाहीच.

चित्राची किंमत मात्र कोण मोजतं? अंध शिक्षकाचा स्क्रीन रीडर त्या चित्रापाशी मुका होतो. नजर अधू झालेल्याने अक्षर मोठं केलं, तर अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते. कित्येक ठिकाणी ईमेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत, नुसती रिकामी चौकट दिसते. सहा महिन्यांनी सभेची तारीख शोधायला जा, सापडत नाही. उर्दू न येणाऱ्या सहकाऱ्याला त्याचं भाषांतरही सहज करून घेता येत नाही. आणि मग आपणच तक्रार करतो, की उर्दूकडे कुणी लक्ष देत नाही!

मराठी मंडळींनी हसू नये. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली पत्रं ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला अजूनही अगम्य चिन्हांची रांग म्हणूनच दिसतात.

साध्या मजकुराच्या अडचणी आहेत. एकाच ओळीत उर्दू आणि मराठी मिसळली, की पूर्णविराम आणि आकडे भलतीकडे उड्या मारतात. उपाय सोपा आहे: दोन्ही भाषांचे परिच्छेद वेगळे ठेवा. वेळापत्रकाचा तक्ता असेल तर तो जोडा, पण मुख्य गोष्ट वर अक्षरांत लिहा. कवितेचं पोस्टर हवं तेवढं सजवा, त्याला माझी हरकत नाही.

सूचनेचं काम मात्र पोहोचणं आहे. खुशखत मुलांना बोरूने गिरवायला शिकवू, वर्गाच्या भिंतीवर लावू. पुढच्या ईमेलमध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण एवढं तरी सरळ अक्षरांत टाइप करा. उर्दूची तेवढी खिदमत पुरे.