काचेच्या टाकीतील ऊ आणि व्यापाऱ्याची ईमानदारी

शोभेचे मासे पाळण्याचा शौक एके काळी मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांपुरता होता. आता सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, मालवण येथील दवाखाने, हॉटेले, दुकाने आणि साधी घरेसुद्धा काचेच्या टाकीने सजू लागली आहेत. या शौकामागे एक व्यापार उभा राहिला आहे. काच कापणारा, ती सिलिकॉनने सांधणारा, लोखंडी स्टँड वेल्डिंग करणारा, लाकडी झाकण बनविणारा सुतार आणि मासे विकणारा दुकानदार अशा अनेकांची रोजी त्यावर चालते. यांत आमचे मुस्लिम कारागीर व दुकानदार बांधवही आहेत.

सरकारी पातळीवरही या धंद्याला उत्तेजन मिळाले आहे. कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य केंद्र कुडाळ तालुक्यात मुळदे येथे असून तेथे शोभिवंत माशांवर काम होते. राज्य शासनाने २०१७ साली कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना आणली, तिच्यात खेकडापालनाबरोबर शोभिवंत मत्स्यपालनही घेतले. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत माशांच्या युनिटसाठी तीन लाख रुपये खर्च धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवण्यात आले. अनुदानाबाहेरची रक्कम मात्र घरातूनच जाते. कुणी दागिना मोडतो, तर कुणी भावाकडून उसने घेतो. म्हणून या धंद्यात माल बुडाला तर तो शौकीन माणसाच्या दिवाणखान्यात बुडत नाही, गरिबाच्या परसात बुडतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. माशांच्या धंद्यावर आम्ही का लिहावे, असे कोणी विचारील. बारीक कीड आधी माल खाते आणि मग दुकानाचे नाव खाते, हा धडा कापडवाल्याला कसरीने दिलेला आहे. माशांच्या धंद्यातही अशीच एक कसर आहे, आणि तिच्याशी वागण्याची रीत आम्हास चुकीची वाटते.

ही कीड कोणती?

गोल्डफिश, कोई यांसारख्या माशांच्या अंगावर कधी कधी चपटा, गोल, काचेसारखा पारदर्शक ठिपका चिकटलेला दिसतो. नीट पाहिले तर तो सरकतो. ही माशांची ऊ, शास्त्रीय नाव आर्ग्युलस. पूर्ण वाढ झालेली ऊ पाच ते दहा मिलिमीटर असते. दोन चोषकांनी ती माशाला चिकटते आणि सुईसारखे तोंड त्वचेत खुपसून रक्त व रस शोषते. मासा दगडावर अंग घासतो, उसळी मारतो, अंगावर लाल चट्टे उठतात. त्या जखमांत पुढे बुरशी व जंतू शिरतात आणि मासा मरतो.

दुसरी कीड लर्निया. ती अंगातून बाहेर लोंबणाऱ्या दोऱ्यासारखी दिसते. तिचे डोके नांगराच्या आकाराचे असून माशाच्या मांसात रुतून बसते. लोक तिला कृमी समजतात, पण ती कृमी नव्हे. ऊ आणि लर्निया या दोन्ही कवचधारी प्राण्यांच्या वर्गातल्या, म्हणजे कोळंबी आणि कुर्लीच्या भाऊबंदातल्या आहेत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सर्व मुद्दा तिच्यावर उभा आहे.

टाकीच्या काचेवर टुणटुण उड्या मारणारे, पांढुरके, टाचणीच्या टोकाएवढे जीव दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. तेही कवचधारीच आहेत, पण ते उरलेले खाद्य व शेवाळ खाऊन टाकी साफ ठेवतात आणि लहान माशांचे खाद्य होतात. माशाच्या अंगाला चिकटतो तो शत्रू. काचेवर फिरतो तो बहुधा मजूर. हा फरक न सांगता घाबरलेल्या गिऱ्हाइकाला औषधाची बाटली विकणे ही तिजारत नव्हे.

बाटलीचा भरवसा

आजवर या किडीवर एकच उपाय सर्रास सांगितला गेला : औषध टाका. तलावातील कटला-रोहूवर ऊ पडली की शेतीची कीटकनाशके पाण्यात ओतण्याची सवय देशभर लागली. डायक्लोरव्हॉस आणि ट्रायक्लोरफॉन ही नावे त्यांत पुढे होती. केंद्र सरकारने २०१८ च्या आदेशाने या दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली आहे. जुना डबा कुणाच्या माळ्यावर उरला असेल तर तो वापरू नये, आणि शेजाऱ्यालाही देऊ नये.

बंदीची बाब बाजूला ठेवली तरी बाटलीचा हिशेब जमत नाही. उवेची मादी माशाला सोडून काचेवर, दगडावर, झाडाच्या पानावर ओळीने शेकडो अंडी घालते. औषध उवेला मारते, अंड्याला नाही. उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत ती अंडी फुटतात आणि नवी फौज तयार होते. दुकानदार म्हणतो, आणखी एक बाटली न्या. अशाने दुकानदाराचा गल्ला भरतो, पण टाकी साफ होत नाही.

जगात इतर ठिकाणी काय झाले तेही पाहावे. नॉर्वेमध्ये समुद्रातील पिंजऱ्यांत साल्मन माशांची शेती चालते. तेथेही माशांवर ऊ पडते, तीही कवचधारीच. तेथील कंपन्यांनी वर्षानुवर्षे औषधे वापरली. शेवटी ऊ औषधाला दाद देईनाशी झाली. मग त्यांना उवा वेचून खाणारे दुसरे मासे पिंजऱ्यांत सोडणे, साल्मनला गोड्या किंवा कोमट पाण्याने धुणे, असे मार्ग धरावे लागले. एवढा पैसा आणि एवढे शास्त्र हाताशी असून जेथे बाटली हरली, तेथे कुडाळच्या परसातली बाटली काय जिंकणार?

आता भाऊबंदकीचा मुद्दा. जे औषध उवेचे कवच बनू देत नाही किंवा तिच्या नसा बधिर करते, ते कोळंबीला आणि कुर्लीलाही ओळख दाखवीत नाही. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी द्रव्ये कवचधारी प्राण्यांना अत्यंत थोड्या मात्रेत मारक असतात. टाकीचे पाणी बदलताना ते गटारात जाते, गटार व्हाळाला मिळते, व्हाळ कर्लीच्या किंवा कालावलच्या खाडीला. त्या खाडीत गाबीत आणि दालदी बांधवांचे जाळे असते, आणि कांदळवनात एखाद्या बचतगटाच्या कुर्ल्या वाढत असतात. एकाच योजनेतून एका घराने मासे घेतले, दुसऱ्याने खेकडे घेतले, आणि पहिल्याच्या बाटलीने दुसऱ्याची रोजी मारली, तर हा धंदा बरकतीचा कसा म्हणावा? शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे हे येथे सांगण्याची गरज नाही.

खाऱ्या टाकीचा मोह

आता काही तरुण खाऱ्या पाण्याच्या, पोवळ्यांच्या टाकीची भाषा करतात. परदेशी चित्रे पाहून मोह होणे साहजिक आहे. परंतु २००१ पासून आपल्या देशात दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीत बसविले आहे. ती काढणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. मालवणला तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. तेथून पोवळ्याचा एक तुकडा आणून देतो असे कुणी म्हणाला तर त्याच्याशी सौदाच करू नये.

ज्या देशांत पोवळी पाळण्याची मुभा आहे तेथेही ही कीड सुटलेली नाही. फांद्यांच्या पोवळ्यावर अर्ध्या मिलिमीटरची पिवळी कीड पडते, अंगावर लाल ठिपका. शौकीन लोक तिच्यावर कुत्र्यांच्या जंताची गोळी पाण्यात विरघळवून टाकतात. कीड मरते, पण त्याबरोबर टाकीतल्या कोळंब्या आणि खेकडेही मरतात. म्हणून ते आधी त्यांना बाहेर काढतात. खाऱ्या पाण्यात असो वा गोड्या, किडीची आणि औषधाची कथा एकच. ज्यांना खाऱ्या पाण्याची टाकी करावयाचीच आहे त्यांनी बनावटी पोवळे ठेवावे आणि हॅचरीत जन्मलेले मासे घ्यावेत. क्लाऊन माशाची टाकीत पैदास करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सिद्ध केले आहे.

वेगळी टाकी

मग इलाज कोणता? आमच्या धंद्यात शहाणा व्यापारी बाहेरगावची गाठ आली की ती थेट फळीवर लावीत नाही. आधी ओसरीवर उघडतो, ताग्याच्या घड्या उलगडून ऊन देतो, कसर पाहतो, मग माल आत घेतो. माशांचेही तेच आहे. हदीसमध्ये आजारी उंटांच्या मालकाला ताकीद आहे की त्याने आपले उंट निरोगी उंटांच्या पाणवठ्यावर आणू नयेत. चौदाशे वर्षांपूर्वी वाळवंटातल्या पाणवठ्यासाठी सांगितलेली ही एहतियात आज काचेच्या टाकीला तंतोतंत लागू पडते, कारण टाकी हाच तर माशांचा पाणवठा आहे.

जाणकारांकडून आम्ही समजून घेतलेली रीत अशी :

१) चेन्नईच्या कोलातूरहून किंवा मुंबईहून आलेला मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. त्या टाकीची जाळी, नळी, बादली सर्व वेगळे. पिशवीतले पाणी आपल्या टाकीत ओतू नये.

२) अशा दोन साध्या टाक्या असाव्यात, त्यांत वाळू-दगड नको. दर सात-आठ दिवसांनी मासे दुसरीत हलवावेत आणि पहिली रिकामी करून, घासून, कडक उन्हात वाळवावी. अंडी फुटायच्या आत वाळून मरतात. सिंधुदुर्गात पावसाळा सोडला तर उन्हाला तोटा नाही, आणि त्याचे बिल येत नाही. पावसाळ्यात टाकी छपराखाली, पण पूर्ण कोरडी होईपर्यंत ठेवावी.

३) दिसणारी ऊ ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्याने काढावी. लर्नियाच्या बाबतीत डोके आत तुटू नये, हे काम शिकलेल्या हाताकडून करून घ्यावे. मिठाच्या पाण्यात अल्पकाळ बुडविल्याने काही उवा गळतात, अंडी मात्र मरत नाहीत.

४) परसात हौद असेल तर त्यात लाकडी फळ्या किंवा कौले सोडावीत. मादी त्यांवर अंडी घालते. आठवड्याने ती बाहेर काढून उन्हात वाळवावीत.

५) एवढ्यानेही भागले नाही तर मत्स्य विभागाच्या किंवा मुळदेच्या जाणकारांना दाखवून, त्यांच्या सांगण्यानेच औषध वापरावे, आणि ते पाणी गटारात किंवा व्हाळात सोडू नये.

यात सुतार, वेल्डर आणि काच-कारागीर यांनाही काम आहे. मोठ्या टाकीबरोबर लहान वेगळ्या टाकीची जोडी बनवून विकली तर गिऱ्हाइकाचे भले आणि कारागिराला आणखी चार पैसे.

ऐब सांगून विकणे

दुकानदारांची तक्रार आम्ही ऐकली आहे. ते म्हणतात, चार आठवडे मासे धरून ठेवले तर खाद्याचा खर्च वाढतो, काही मासे मरतात, आणि शेजारचा दुकानदार आलेल्या दिवशीच माल विकून मोकळा होतो. तक्रार खोटी नाही. पण जो मासा आपल्या टाकीत मरणार होता तो गिऱ्हाइकाच्या टाकीत मरतो, तेव्हा जाताना आणखी दहा मासे घेऊन जातो. तोटा नाहीसा होत नाही, दुसऱ्याच्या खात्यावर चढतो आणि वाढतो. आपला तोटा गुपचूप दुसऱ्याच्या घरी पोहोचविणे याला हलाल नफा म्हणता येत नाही.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला असता आत ओल लागली, आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले, हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येक व्यापाऱ्याने लहानपणापासून ऐकला आहे. ऐब असलेला माल ऐब सांगून, कमी भावात विकण्यास मनाई नाही. आम्हीही डाग पडलेला, विणीत दोष असलेला तागा वेगळा काढून दोष दाखवून विकतो. लपविलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क फिक्हने गिऱ्हाइकास दिला आहे, त्यास खियार-ए-ऐब म्हणतात. मासेवाल्याने हाच हक्क चिठ्ठीवर लिहून द्यावा : मासा कोठून आला, कोणत्या तारखेला आला, किती दिवस वेगळा ठेवला, आणि ऊ निघाली तर किती दिवसांत बदलून मिळेल. चार ओळींची चिठ्ठी पुरे. वेगळ्या ठेवलेल्या माशाचे दहा-वीस रुपये जास्त घ्यावेत, पण ते का घेतले हे सांगून घ्यावेत.

एका दुकानदाराने हे केले तर तो महाग ठरेल. कुडाळ-सावंतवाडी-मालवणच्या दुकानदारांनी मिळून केले तर तो बाजाराचा कायदा होईल, आणि सिंधुदुर्गचा मासा निरोगी असतो असे नाव मुंबईपर्यंत जाईल. असे नाव कमवायला वर्षे लागतात. मुस्लिम व्यापाऱ्यांनी या कामी पुढाकार घ्यावा अशी आमची विनंती आहे. ज्या दुकानात ऐब दाखवून माल विकला जातो, तेथे गिऱ्हाईक पुन्हा येते आणि रिझ्कमध्ये बरकत राहते, इन्शाअल्लाह.