थकीत पेशींची वसुली

मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद झाली, तरी त्या भागातील सर्व पेशी एकाच क्षणी मरत नाहीत. मध्यभाग काही मिनिटांत जातो. भोवतीचा काठ काही तास तग धरतो. पेढीच्या भाषेत हे बुडीत येणे नव्हे, थकीत येणे होय. मात्र व्याज भयंकर आहे: उपचारांवाचून मोठ्या झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात.

काठावरच्या पेशींचा घात करतो तो ग्लुटामेट. एरवी हे द्रव्य पेशींमधील निरोप्या असते. प्राणवायू तुटला की ते बाहेर साचते, पेशींवरील ग्राही उघडेच राहतात, कॅल्शियम आत लोटतो आणि अतिउत्तेजनेने पेशी मरते. ही विषारी बाजू अमेरिकेतील जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये उंदरांच्या पिलांना मोनोसोडियम ग्लुटामेट टोचून उजेडात आणली. (तेच अजिनोमोटो, परंतु पक्षाघातातील ग्लुटामेट ताटातून येत नाही, मेंदूच्याच पेशींतून सांडतो.)

मग ग्राहीच बंद करावेत, हा विचार ओघानेच आला. प्राण्यांत औषधे यशस्वी ठरली. माणसांत मात्र सेल्फोटेल थांबवावे लागले, कारण मृत्यू वाढण्याची चिन्हे दिसली. गॅव्हेस्टिनेल सुरक्षित, पण निरुपयोगी ठरले. मॅग्नेशियम तर रुग्णवाहिकेतच १,७०० रुग्णांवर तपासले गेले. २०१५ साली निष्कर्ष आला तो नकारात्मक. प्रयोगशाळेत औषध मिनिटांत मिळते, रुग्ण तासांनी पोहोचतो. शिवाय वाचलेल्या पेशींना सावरण्यासाठी तोच ग्लुटामेट लागतो. दरोड्याच्या भीतीने बाजारच बंद ठेवण्यासारखा हा उपाय होता.

भारतात वेगळी वाट निघाली. सोव्हाटेल्टाइड हे औषध ग्लुटामेट अडवत नाही. एंडोथेलिन-बी ग्राहीला चालना देऊन दुरुस्तीला साहाय्य करते. त्याच्या प्रारंभिक, ४० रुग्णांच्या भारतीय चाचणीत नागपूरच्या रुग्णालयाचाही सहभाग होता. पुढील चाचणीत १५८ रुग्ण होते आणि २०२३ मध्ये देशात त्यास मान्यता मिळाली. झटक्यापासून २४ तासांच्या आत ते सुरू करता येते. आकडे आशादायक, पण थोडे आहेत. अन्य देशांतील मोठ्या चाचण्यांचा कौल येईपर्यंत त्याला चमत्कार म्हणणे उतावीळपणाचे ठरेल.

गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनची जागा ते घेत नाही. त्या इंजेक्शनची मुदत साधारणपणे साडेचार तासांची. इतवारीतील गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थाचे तोंड वाकडे झाले, हात गळून पडला किंवा जीभ अडखळली, तर पाणी पाजून, पाठ चोळून, दुकान वाढवून मग निघण्यात त्यांतला मोठा भाग जातो. १०८ क्रमांकावर फोन करून, सीटी स्कॅनची अहोरात्र सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला हे चिठ्ठीवर लिहून बरोबर ठेवावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.