टाचेचें दुखणें व आपली हेळसांड

बैलाच्या पायाची पत्री निघाली, तर आमचा शेतकरी त्याच दिवशीं नालबंदास गांठतो. परंतु स्वतःची टाच महिनोन् महिने ठणकत असली, तरी ‘वय झालें, चालावयाचेंच’ असें म्हणून स्वस्थ बसतो. ही उपेक्षा आम्हांस सर्वथा गैर वाटते.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यांत एक चिवट पट्टा असतो. धनुष्याच्या दोरीप्रमाणें तो पावलाची कमान तोलून धरतो. झिजलेल्या वहाणा, कठीण जमीन, फार वेळ उभें राहणें, वाढलेलें वजन, किंवा आळंदी-पंढरपूर वारीसारखी सुमारें २५० किलोमीटरांची मजल संवय नसतां एकदम मारणें, यांमुळें तो टाचेजवळ दुखावतो. डॉक्टर यास प्लँटर फॅशिआयटिस म्हणतात. सकाळीं उठून पहिलीं पावलें टाकतांना कळ येते, थोडें चालल्यावर ती उतरते व दिवसभराच्या चालण्यानंतर पुन्हां उठते, ही याची मुख्य खूण होय. क्ष-किरणांच्या चित्रांत टाचेचें हाड वाढलेलें दिसलें, तरी घाबरूं नये. तसें हाड न दुखणाऱ्या टाचांतही आढळतें.

उपायास पैका थोडा, पण चिकाटी फार लागते. भिंतीस हात टेकून, दुखरा पाय मागें ठेवून, टाच न उचलतां पोटरी ३० सेकंद ताणावी. असें ३ वेळां, दिवसांतून दोनदां करावें. अंथरूण सोडण्यापूर्वीं पायाचीं बोटें हातानें आपणाकडे ओढावीं. थंड पाण्याची बाटली तळव्याखालीं १० मिनिटें फिरवावी. टाचेखालीं मऊ व जाड तळ असलेलें पायताण घरांतही वापरावें. एवढ्यानें बहुतेकांस वर्षाच्या आंत आराम पडतो. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

बिब्बा घालणें व डागणें मात्र कायमचें सोडावें. तापल्या विटेवर रुईचें पान ठेवून शेकण्याची चाल घरोघर आहे. परंतु मधुमेह्याच्या पायास चटका समजत नाहीं, व भाजल्याची जखम पाय गमावण्यापर्यंत जाते. बधिरपणा, सूज वा जखम असल्यास डॉक्टरांकडेच जावें. चालतांना पोटरींत कळ येऊन थांबतांच ती उतरत असेल, तर दोष रक्तपुरवठ्याचा असूं शकतो; विडी ओढणाऱ्यांनीं तर मुळींच विलंब लावूं नये.

आमचें स्पष्ट मत असें कीं, चांगल्या वहाणांचा खर्च चैनींत न धरतां बी-खताप्रमाणें शेतीच्या खर्चांत मांडावा. आणि आपल्या रानांत अनवाणी राबणाऱ्या गडीमाणसांच्या पायांचीही त्यांत तरतूद करावी. ज्या पायांवर शेती उभी आहे, त्यांची निगा राखणें हें शेतीचेंच काम होय.